नळीत अडलेली हवा

डिझेल संपल्यामुळे बंद पडलेल्या ऑइल इंजिनाची टाकी पुन्हा काठोकाठ भरली, तरी ते इंजिन पुष्कळदा सुरू होत नाही, आणि या साध्या दिसणाऱ्या अडचणीच्या मुळाशी यंत्राविषयीची एक सार्वत्रिक गैरसमजूत असते. जे संपले ते पुन्हा भरले की काम पूर्ववत चालावे, अशी माणसाची सहज अपेक्षा असते. परंतु टाकी कोरडी पडते तेव्हा तिच्यापासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्या, गाळणी आणि पंप यांत डिझेलची जागा हवेने घेतलेली असते, आणि वरून कितीही इंधन ओतले तरी ती हवा आपण होऊन बाहेर पडत नाही. इंजिनाचे कोणतेही अंग मोडलेले नसते, इंधन असते, हॅण्डल मारणाऱ्याच्या दंडात बळही असते, आणि तरीही यंत्र ढिम्म राहते. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांत या अवस्थेला ‘इंजिनाने एअर धरली’ असे म्हणतात, आणि तिच्यावरचा उपाय, म्हणजे ‘एअर काढणे’, ही त्या गावांनी मोठ्या कष्टाने आत्मसात केलेली विद्या आहे. तिला विद्या म्हणणे ही अतिशयोक्ती नाही, हे तिच्यामागची कारणे पाहिली म्हणजे पटते.

अशा गावांपैकी पळसदेव हे इंदापूर तालुक्यातले, पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव. मूळचे पळसदेव भीमेच्या काठी होते. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या ‘यशवंतसागर’ नावाच्या जलाशयात जुने गाव आपल्या पळसनाथाच्या प्राचीन मंदिरासह बुडून नवे गाव वर, महामार्गालगत वसले. ज्यांच्या नदीकाठच्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे त्याच पाण्यात नळ टाकून ते वरच्या माळरानावर चढवले, आणि जिथे पूर्वी पावसाच्या भरवशावर बाजरी येत असे तिथे ऊस उभा केला. गमावलेल्या शिवारावरचेच पाणी उपसून नवे शिवार भिजवण्याचा हा उद्योग ज्या यंत्रांवर उभा राहिला, त्यांत विजेच्या मोटारीइतकाच मान, आणि वीज नसलेल्या वेळी त्याहून अधिक मान, ऑइल इंजिनाचा आहे.

या जलाशयाची एक विशेष गोष्ट अशी की त्याच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी (एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट) निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे धरणातून कालव्यात पाणी सोडण्यासाठी ठरवलेल्या किमान पातळीच्या खाली, असते. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर आणि मृतसाठ्याची वरची कड सुमारे ४९१ मीटर असल्यामुळे, साऱ्या उपयुक्त साठ्याची उंची जेमतेम सहा मीटर भरते. काठाची जमीन बऱ्याच ठिकाणी इतकी सपाट आहे की पातळी एका मीटरने उतरली तरी पाण्याची कड पुष्कळ दूर सरकते, आणि काल पाण्यात बुडालेला नळ आज चिखलात उघडा पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे मृतसाठ्यातूनही मोठा वाटा उचलला गेला, आणि पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर आले. मंदिर पाहायला लोकांची रीघ लागते, आणि त्याच दिवसांत त्याच काठावर शेतकरी नळाला नळ जोडीत, चाऱ्या खोदून पाणी पंपापर्यंत आणीत, यंत्रे खाली खाली नेत असतात. बातमी मात्र बहुधा मंदिराचीच होते. यंत्र विजेच्या खांबापासून जितके दूर जाते तितके इंजिन अपरिहार्य होते, आणि वस्तीपासून जितके दूर जाते तितकी त्याच्या टाकीवरची नजर कमी होते. डिझेल संपण्याचे प्रसंग म्हणूनच ऐन उन्हाळ्यात, पाण्याची निकड सर्वांत जास्त असताना, अधिक येतात.

या भागात चाललेल्या इंजिनांचा इतिहास बहुतांशी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातच सामावलेला आहे. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली, आणि किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती वसाहत उभी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पुढच्या पिढीने १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. पुढे राजकोटच्या लहानमोठ्या कारखान्यांतून इंग्लंडच्या लिस्टर आणि पीटर इंजिनांच्या धर्तीवर बनलेली स्वस्त इंजिने बाजारात आली. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे इंजिन हे या साऱ्यांतले सर्वपरिचित रूप होय, आणि पुढील विवेचन त्याच इंजिनाला धरून केले आहे.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेली कल्पना अशी की सिलिंडरमध्ये शुद्ध हवा घेऊन ती इतकी दाबावी की दाबानेच ती तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत योग्य क्षणी इंधनाचा फवारा सोडावा, म्हणजे ते आपोआप पेटेल. वर सांगितलेल्या इंजिनात हवा आपल्या मूळ आकारमानाच्या साडेसोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्या दाबाच्या विरुद्ध इंधन आत शिरवायचे, आणि तेही धुक्यासारख्या बारीक कणांत, तर इंधनावरचा दाब त्याहून कितीतरी अधिक, वातावरणाच्या सुमारे दोनशे पट, असावा लागतो. हे काम इंधन पंप करतो. बॉश कंपनीने १९२७ मध्ये हा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला प्रारंभ केला, तेव्हापासून लहान डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने व्यवहारात आले. भारतात १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीने हा पंप बनवला, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यातून निघालेली नोझले गावोगाव पोचली. इंधन पंपाला पुष्कळ ठिकाणी नुसते ‘मायको’ म्हणतात, ते यामुळेच.

इंधनाची वाट पाहिली तर ती अशी आहे. टाकीतून तोटीवाटे निघालेले डिझेल गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, येते. तिथून पातळ नळीने इंधन पंपात जाते. पंपातला दट्ट्या कॅमच्या धक्क्याने वर उचलला जाऊन ते जाड भिंतीच्या पोलादी नळीत रेटतो. आणि त्या नळीच्या टोकाला असलेले नोझल, ज्याची सुई मजबूत स्प्रिंगने दाबून बंद ठेवलेली असते, पुरेसा दाब आला की क्षणभर उघडून फवारा सोडते. या व्यवहाराची मापे मोठी विलक्षण आहेत. पूर्ण भाराखाली असे इंजिन तासाला साधारण एक लिटरच्या वर थोडे डिझेल जाळते, आणि दर दोन फेऱ्यांना एक फवारा या हिशेबाने मिनिटाला साडेसातशे फवारे सोडते. म्हणजे एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे पंचवीस घन मिलिमीटर, जवळजवळ अर्धा थेंब, इंधन येते. अर्ध्या थेंबाला दोनशे वातावरणांच्या दाबाने नेमक्या क्षणी ढकलणारे हे यंत्र शेताच्या बांधावर, धुळीत, उघड्यावर वर्षानुवर्षे चालते, ही गोष्ट ज्याला चकित करीत नाही त्याने तिचा नीट विचार केलेला नसतो.

हे सारे शक्य होते ते द्रवाच्या एका गुणामुळे: द्रव दाबला तरी आकसत नाही, निदान व्यवहारात लक्षात येईल इतका आकसत नाही. दट्ट्या एका टोकाला जितके डिझेल रेटतो तितकेच दुसऱ्या टोकाला नोझलमधून बाहेर पडते. हवेचे तसे नाही. पोलादी नळीचे आतले भोक दोन मिलिमीटरचे आणि लांबी चाळीस सेंटिमीटर धरली, तर तिच्या पोकळीत सुमारे साडेबाराशे घन मिलिमीटर हवा मावते. तिच्यावर दट्ट्याने अर्ध्या थेंबाएवढे डिझेल रेटले तर ती हवा किंचित आकसते आणि नोझलच्या सुईला त्याची जाणीवही होत नाही. खुद्द दट्ट्याच्या कोठीत हवा असेल तर स्थिती याहून कठीण होते, कारण सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा मारला म्हणजे आतली हवा दबते आणि दांडा सोडताच पुन्हा फुगते, तसे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला घडत राहते, आणि नवे डिझेल आत यायला जागाच उरत नाही. दोनशे वातावरणांचा दाब गाठायचा तर त्या हवेला आपल्या आकारमानाच्या दोनशेव्या हिश्श्यात बसवावे लागेल, आणि ते दट्ट्याच्या आटोक्याबाहेरचे आहे. बुडबुडा लहान असला तरी त्याच्यापुढे पाच अश्वशक्तीचे इंजिन हतबल होते, ते या हिशेबाने.

हॅण्डल मारीत राहिल्याने इंजिन कधीतरी लागेल ही आशा म्हणून बहुतेक वेळा निष्फळ असते, आणि तिच्यापायी होणारा अपाय केवळ दमण्यापुरता नसतो. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यामधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटींइतकी सूक्ष्म असते, आणि त्या फटीत शिरणारे डिझेल हेच त्यांचे वंगण असते. वंगणाविना ते वारंवार घासले तर पंप ‘ढिला’ होतो, म्हणजे दाब धरीनासा होतो, आणि मग खरोखरीचा बिघाड सुरू होतो. जे इंजिन फक्त उपाशी होते ते अशा रीतीने आजारी पाडले जाते.

एअर काढण्याची रीत हवेच्या स्वभावावरून ठरते. हवा वर जाते आणि द्रव खाली, म्हणून हवा टाकीकडून नोझलकडे, एकेक मुक्काम गाठीत, पुढे पुढे हाकलावी लागते, आणि मधला मुक्काम गाळला तर मागची हवा पुढे येऊन केलेले काम वाया जाते. टाकी निदान अर्धी भरून तोटी उघडायची. प्रथम फिल्टरवरचा छोटा स्क्रू पान्याने थोडा ढिला करायचा, म्हणजे तिथून फेसाळ डिझेल बुडबुड्यांसह झिरपू लागते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की तो आवळायचा. त्यानंतर हीच क्रिया इंधन पंपावरच्या स्क्रूशी करायची. शेवटी नोझलकडच्या टोकाला पोलादी नळीची नट एक-दोन आटे ढिली करून, पंपाला हाताने चालवायचा खटका असेल तर त्याने आणि नसेल तर डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हॅण्डल सावकाश फिरवून, डिझेल नटेपर्यंत आणायचे. ही लिव्हर सिलिंडरची एक झडप उघडी ठेवते, त्यामुळे आतली हवा दाबली जात नाही आणि हॅण्डल हलके फिरते. नटेजवळ बुडबुडे यायचे थांबले की नट घट्ट करायची आणि पुन्हा हॅण्डल फिरवून ऐकायचे. नोझल फवारा सोडू लागले असेल तर प्रत्येक दोन फेऱ्यांना एक आखूड, करकरीत आवाज येतो. हातालाही एक बारीक ठोका जाणवतो. तो आला की वेग वाढवून लिव्हर सोडायची, आणि इंजिन लागते. या सगळ्यात एक पथ्य प्राणाइतके जपण्याचे आहे: फवारा येतो की नाही हे पाहण्यासाठी नोझलपुढे बोट धरू नये, कारण त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, वरून जखम टाचणीएवढी दिसते, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, क्वचित हातही, गमवावा लागतो.

एवढे करूनही इंजिन लागून काही मिनिटांत पुन्हा बंद पडले, तर हवा आत येण्याचा मार्ग उघडा आहे असे समजावे. आणि इथे कारागिराच्या निरीक्षणशक्तीची खरी कसोटी लागते. टाकी इंजिनाच्या वर असेल तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येते, आणि नळीला चीर असेल तर तिथून थेंब गळताना दिसतो. परंतु डिझेलचा कॅन जमिनीवर ठेवून तिथून नळीने खेचून घेतले जात असेल, तर त्याच चिरेतून डिझेल बाहेर न गळता बाहेरची हवा आत ओढली जाते. वरून नळी कोरडी, स्वच्छ, निर्दोष दिसते आणि दोष तिच्यातच असतो. जोडाखालची तांब्याची वॉशर पुन्हा पुन्हा आवळून चपटी झाली तरी हेच घडते. आणखी एक कारण टाकीच्या तळाशी असते. डिझेलमध्ये आलेले पाणी, गंज आणि बारीक गाळ तळाला बसलेले असतात. टाकी अर्धी असेपर्यंत ते तिथेच राहतात, पण शेवटचा थेंब खेचला जातो तेव्हा तेही त्याच्याबरोबर फिल्टरमध्ये येतात. म्हणून कोरड्या पडलेल्या इंजिनाची एअर काढताना फिल्टर उघडून पाहणे हा त्याच कामाचा भाग होय.

जाणते शेतकरी ही वेळ येऊ देत नाहीत, आणि त्यांचे साधन कान हे असते. डिझेल संपत आले की इंजिनाचा ठेका बदलतो: हवेचा एखादा बुडबुडा आल्याने एक फवारा हुकतो, वेग पडतो, वेगनियामक म्हणजे गव्हर्नर अधिक इंधन मागतो, पुढचा फवारा मोठा पडून इंजिन उसळते, आणि हा चढउतार दूरवरूनही ऐकू येतो. त्या क्षणी इंजिन बंद केले तर हवा फार पुढे गेलेली नसते आणि नुसत्या फिल्टरची एअर काढून भागते. तसेच तडफडत चालू दिले तर ती नोझलपर्यंत पोचते. रात्रीच्या पाळीला वस्तीवर झोपलेला माणूस काठावरच्या इंजिनाचा ठेका चुकताच जागा होतो, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. त्या आवाजावर त्याचा ऊस उभा असतो, म्हणून त्याचा कान झोपेतही तिकडे असतो.

हाच आजार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घराच्या तळघरात आढळतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात, जिथे मराठी मंडळ चालवण्याइतकी मराठी वस्ती आहे, अनेक जुनी घरे तेलाच्या भट्टीने तापवली जातात. या भट्टीतले तेल डिझेलच्याच जातीचे असते, रस्त्यावरच्या करपात्र डिझेलपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याला तांबडा रंग दिलेला असतो, आणि अडीअडचणीला पंपावरचे डिझेल आणून टाकीत ओतले तरी चालते. हिवाळ्यात टाकी कोरडी पडली की भट्टी विझते आणि टाकी भरल्यावरही पेटत नाही, कारण नळीत हवा असते. पंपाच्या बाजूचा छोटा स्क्रू पान्याने सैल करून, त्याला नळी लावून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल डब्यात काढणे हाच तिथलाही उपाय. टाकीपासून एकच नळी येत असेल तर हे हाताने करावे लागते. जास्तीचे तेल टाकीत परत नेणारी दुसरी नळी असेल तर हवा बहुधा तिच्या वाटे आपोआप जाते. दाब मात्र तिथे फारच कमी, वातावरणाच्या सुमारे सात पट, असतो. भट्टीला ज्योत दिसली नाही की यंत्रणा काही सेकंदांत तेल तोडते आणि घरमालकापुढे एक तांबडे बटण उरते. ते पुन्हा पुन्हा दाबणे हे हॅण्डल मारीत राहण्याचेच रूप आहे, पण त्याहून धोक्याचे, कारण प्रत्येक वेळी थोडे न जळलेले तेल भट्टीत साचत जाते आणि अखेर ज्योत लागली की ते सगळे एकदम भडकते. उजनीच्या काठावर वाढलेला माणूस त्या तळघरात उभा राहिला तर त्याला यंत्र अनोळखी वाटेल, आजार वाटणार नाही.

पळसदेवच्या काठावर मात्र कोरडेपणाचे संकट दुहेरी आहे. इंजिनाला जोडलेला सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे आतल्या चाकाच्या गतीने पाणी बाहेर फेकून मागे पोकळी करणारा पंप, हाही हवेपुढे तितकाच निरुपाय असतो. पाण्यापेक्षा हवा सुमारे आठशे पटींनी हलकी असल्यामुळे, जो पंप भरलेला असताना पाणी वीस मीटर चढवतो तोच हवेने भरलेला असताना जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी खेचू शकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंप आणि सक्शन पाइप पाण्याने तोंडोतोंड भरावा लागतो आणि ते पाणी धरून ठेवायला पाइपच्या बुडाशी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी पण खाली न सोडणारी झडप, बसवलेली असते. तिच्यात काडीकचरा अडकला की भरलेले पाणी निघून जाते. अशा वेळी शेण कालवून ते पाण्याबरोबर ओतण्याची रीत या भागात सर्वत्र आहे, कारण शेणातले तंतू फटींत बसून झडप तात्पुरती तरी बंद करतात. हा उपाय कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसला तरी त्यामागचा विचार पूर्णपणे शास्त्रीय आहे.

पंप पाणी खेचतो असे आपण म्हणतो खरे, पण पाणी वर येते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, हे टॉरिचेल्लीने १६४३–४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सुमारे दहा मीटर तेहतीस सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. उजनीच्या पातळीला ही मर्यादा पावणेदहा मीटरच्या आसपास येते, आणि नळातले घर्षण वगैरे वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती उरतात. जलाशय उतरत जातो तेव्हा शेतकरी यंत्र पाण्याच्या मागे मागे खाली का नेतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. पाणी मागे सरून पाइपचे तोंड उघडे पडले की पंप हवा घेतो. भार नाहीसा झाल्याने इंजिनाचा आवाज हलका होतो. पाणी जात नसल्याचे लक्षात न आल्यास पंपाच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग, जे पाण्यानेच थंड राहते, जळून जाते. एकाच रात्री टाकीतले डिझेल आणि पाइपखालचे पाणी दोन्ही संपावे, आणि सकाळी आलेल्या माणसाला दोन वेगवेगळ्या हवा दोन वेगवेगळ्या नळ्यांतून काढाव्या लागाव्यात, असे या काठावर घडते.

या ज्ञानाची वाटणी कशी झाली हे पाहण्याजोगे आहे. ते शाळेत शिकवले गेले नाही. तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीकडून ते एखाद्या शेतकऱ्याकडे आले, त्याच्याकडून भावकीत गेले, पाना धरायला उभ्या राहिलेल्या पोराने ते पाहून उचलले, आणि पंपात बादलीने पाणी ओतणाऱ्या घरच्या बाईला पाणी ‘बसले’ की नाही हे पंपाच्या तोंडाशी येणाऱ्या आवाजावरून कळू लागले. ज्या पिढीच्या आधीच्या पिढीने बैलांची मोट हाकली, तिने द्रवाची असंकोच्यता, हवेची लवचिकता आणि वातावरणाचा दाब या तीन गोष्टी हातांनी जाणल्या. पाठ्यपुस्तकातली वाक्ये तिला येत नसतील. परंतु बुडबुडे थांबण्यापूर्वी स्क्रू आवळला तर काय होते, याबद्दल तिला शंका नव्हती, आणि ज्ञानाची ही जात कमी प्रतीची मानण्याचे काहीच कारण नाही.

इंजिनाविषयी हळवे होण्याचेही कारण नाही. त्याचा धूर आणि गोंगाट त्रासदायक असतो, उलटे फिरलेले हॅण्डल मनगट मोडते, आणि डिझेलचा खर्च पिकाच्या पैशातून निघेनासा झाला आहे. वीज दिवसाच्या किंवा रात्रीच्या पाळीने का होईना पोचली, पाणबुडी मोटारी आल्या, २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना सुरू झाली. या सगळ्याने शेतकऱ्याचे श्रम वाचत असतील तर ते चांगलेच आहे. पण पाणबुडी मोटार जळाली तर ती वर काढून रिवाइंडिंगच्या दुकानात नेण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही, आणि सौर पंपाचा नियंत्रक तर उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो. इंजिन शेतकऱ्याला स्वतःच्या दोषाचे कारण शोधू देत असे, आणि कारण सापडल्यावर दहा मिनिटांत, एका पान्यावर, दुरुस्त होत असे. नव्या यंत्रांकडून हे मागणे वावगे नाही, आणि ते मागण्याची बुद्धी ज्यांना होईल ते लोक जुन्या यंत्राने घडवलेले आहेत.

बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि राज्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम शिकवला जातो. अशा संस्थांनी उजनीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या मिस्त्रींना आणि शेतकऱ्यांना बोलावून त्यांच्याकडून एअर काढण्याची, फवाऱ्याचा आवाज ओळखण्याची आणि फूट व्हॉल्व्ह बसवण्याची रीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी, आणि ती शाळांच्या विज्ञानाच्या तासाला द्यावी. काठावरची कित्येक इंजिने भंगारात गेली आहेत. ज्यांना त्यांचा ठेका ऐकून टाकीतले डिझेल कळत असे ती माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम येत्या दोन-चार वर्षांतच व्हायला हवे.